दोननंतरचं पाणी

मी वृद्धाश्रमाच्या तळघरात चादरी धुते. हे ऐकलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग म्हणतात, "केवढं पुण्याचं काम!" पुण्य हवं असेल त्यानं एक दिवस माझ्या जागी उभं राहून बघावं. सकाळी सातला गाडा खाली येतो. त्यात रात्रभराच्या चादरी, अभ्रे, नॅपकिन, कधी कुणाची कवळी, एकदा तर अर्धं खाल्लेलं केळं. चौदा वर्षांत मला एक विद्या मात्र आली. गाडा उपसला की वरच्या साठ खाटांवर काय चाललंय ते कळतं. कुणाला ताप आहे, कोण रात्रभर तळमळलं, कुणाला कुशीवर वळवायचं राहून गेलं, सगळं कापडावर उमटतं. एवढी विद्या असून मी आंधळी ठरले, तेच सांगायचं आहे.

वरच्या मजल्यावर मागचा वॉर्ड आहे. अकरा खाटा, अकराही जण अंथरुणाला खिळलेले. दारापासून तिसऱ्या खाटेवर माझी आत्या. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं तिनं काजं-बटणं केली. मांडीचं हाड मोडून ती पडली, मी दिवसभर कामावर, घरात तिसरं माणूस नाही. म्हणून कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी राखलेली एक खाट मी हातापाया पडून मिळवली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, पण डोकं तल्लख आणि कान तिखट.

जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता, मी रोज तिच्यापाशी बसायचे. ती माझे हात हातात घेऊन चाचपायची. साबणानं आणि ब्लीचनं माझ्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या, कधी त्यांतून रक्त यायचं.

"हातमोजे घालत जा गं," ती म्हणायची.

"घातले की आत घाम येतो, आणखी झोंबतं."

"मग जरा कमी घास."

"हो, चादरींना सांगते तसं." आमचं हे रोजचंच होतं. मग ती उशाखालची व्हॅसलीनची डबी काढून माझी एकेक चीर बुजवायची, बटण लावल्यासारखी, नेमकी.

लाँड्रीत दोन मशीन आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यातलं एक बंद पडलं ते पडलंच. अर्ज केले, स्मरणपत्रं दिली. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, बघते. या बाईंना मी मनातल्या मनात हसरी म्हणते. त्या कायम हसतात. रजा नाकारताना जरा जास्तच. दोन महिने मी अर्ध्या चादरी हातानं धुतल्या आणि माझ्या नाकी नऊ आले. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "एकट्या मागच्या वॉर्डातून दिवसाला पस्तीस चादरी येतात. एक तर मशीन दुरुस्त करा, नाहीतर ओल्या चादरी कमी करा. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

हसरी हसली. "करू या ना काहीतरी," म्हणाली.

आणि खरंच केलं की! आठवड्याभरात पस्तीसच्या वीस झाल्या, मग पंधरा, मग बारा. मशीन बंदच होतं, पण माझं कशाला अडतंय? मला वाटलं, आया आता वेळच्या वेळी डायपर बदलतायत, बेडपॅन देतायत. म्हटलं, देव पावला. रोजचा आकडा मी वहीत लिहायचे, सुरेख अक्षरात. महिन्याअखेरीस ती वही हसरीनं वर पाठवली आणि वरून बक्षीस आलं. उत्कृष्ट निगेबद्दल मागच्या वॉर्डाला टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ. ते लावताना फोटो काढला. त्या फोटोत मीही आहे, हात पाठीमागे लपवून, दात काढून.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. बाकी शरीर गेलेलं, जीभ शाबूत. मी दिसले की विचारायचे, "काय लाँड्रीबाई, आमची पत्रं पोचतात ना खाली?" म्हणजे ओल्या चादरी. मी म्हणायचे, "पोचतात, आणि तिकीट न लावता पोचतात." ते इतके हसायचे की खोकला लागायचा. त्या महिन्यात त्यांनी हे विचारणं बंद केलं. माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आले ते नॅपकिन. सकाळी अंग पुसायला प्रत्येकाला एक पांढरा छोटा नॅपकिन देतात. ते कोपऱ्यांशी चघळलेले यायला लागले. आधी दोन-तीन, मग सात-आठ. दातांचे ठसे, सुटलेले दोरे, एखाद्यावर रक्ताचा ठिपका. मला वाटलं उंदीर. मग वाटलं, म्हातारपणात काही जण हाताला लागेल ते तोंडात घालतात, तसं असेल. पण नवे नॅपकिन मागायचे तर हसरीला कारण द्यावं लागतं. माझं डोकं फिरलं. एक दिवस तीनच्या सुमाराला, हातातलं काम टाकून, मी तरातरा वर गेले. कोण माझे नॅपकिन खातंय ते बघायलाच.

वॉर्डात शुकशुकाट होता. पोस्टमास्तर उशीवर मान कलती करून पडले होते आणि सकाळचा ओला नॅपकिन तोंडात धरून चोखत होते. डोळे मिटून, मन लावून. मला पाहिल्यावर त्यांनी तो घाईघाईनं पांघरुणाखाली लपवला. एवढा मोठा माणूस, शंभर टपालवाल्यांचा साहेब. टेबलावर पाण्याचे अकरा जग धुऊन, पुसून, ओळीनं पालथे घातलेले होते.

चष्मेवाली आया कोपऱ्यात औषधं लावत होती. माझ्याच वयाची, साधी बाई.

मी विचारलं, "जग पालथे का?"

"दोन वाजून गेले ना."

"मग?"

"दोननंतर पाणी नाही. सकाळी काय ते प्यायचं. दोनचा टोला पडला की जग उचलायचे आणि उद्या सहाला भरायचे." माझ्याकडे बघून ती बुचकळ्यात पडली. "असं काय करताय बाई? तुम्हीच नाही का म्हणालात मीटिंगमध्ये, ओल्या चादरी कमी करा म्हणून?"

उभ्या जागी कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. सोळा तास तर पाणी नाहीच, आणि उन्हाळा. मी एक वाजता यायचे, तेव्हा जग भरलेला असायचा. सहाला घरी जाताना दारातून हात हलवायचे, बस गाठायची घाई. जग कुठंय हे बघायला मला वेळ कुठे होता?

मी आत्याच्या खाटेशी गेले. तिचे ओठ जवळून पाहिले. व्हॅसलीन ती माझ्या हातांना लावायची, स्वतःच्या ओठांना नाही. ओठांची सालपटं निघाली होती.

"का नाही सांगितलंस मला?"

"काय सांगायचं त्यात? कारखान्यात दिवसातून दोनदाच सोडायचे लघवीला. तीस वर्षं मी डबा खाताना घोटभर पाणी प्यायले. मला सवय आहे गं."

"तेव्हा तू तिशीत होतीस!"

"ओरडू नकोस," ती कुजबुजली. "नोकरी आहे तुझी."

मी तशीच हसरीच्या खोलीत गेले. तिच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, थंड, बाहेरून घाम फुटलेली. मी बोलत होते तोवर तिनं तीनदा तोंडाला लावली.

"ही पद्धत आहे," ती शांतपणे म्हणाली. "रात्री बेडपॅनसाठी खटपट कमी, ओलं कमी, त्वचा चांगली राहते. सगळे खूश आहेत. वरचे खूश, आया खूश. तुम्हीही खूश होतात ना?" मग ती हसली. "आणि हो, तुमच्या आत्यांची खाट. ती कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाची आहे. म्हणजे आधी कर्मचारी राहायला हवा, नाही का?"

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी मूग गिळून खाली आले. हे असं सरळ लिहायला मला लाज वाटते, पण मी खरोखरच खाली आले आणि मशीन सुरू केलं. आत्याला घेऊन मी कुठे जाणार होते? एका खोलीत कोंडून, बाहेरून कडी लावून, कामाला?

मग मी माझ्या परीनं डोकं चालवलं. इस्त्रीच्या फवाऱ्याची एक बाटली स्वच्छ घासली, पिण्याच्या पाण्यानं भरली आणि रोज चारला कोरड्या चादरी पोचवायच्या निमित्तानं वर जायला लागले. चादर खाटेवर ठेवायची, वाकायचं, तोंडात चार फवारे मारायचे. पाखराच्या पिलासारखी तोंडं उघडायची सगळी. आत्या सोडून. ती म्हणायची, "मला नको, पोस्टमास्तरांना दे." मला वाटलं तिचं मन मोठं आहे. चष्मेवाली पाठ फिरवून औषधं लावत बसायची.

पण पाणी आत गेलं की ते बाहेर येणारच. चादरी पुन्हा वाढल्या. बाराच्या सोळा, सोळाच्या एकोणीस. हसरीनं चष्मेवालीला बोलावून झापलं, आणि ती रडत तळघरात आली. म्हणाली, "माझं काही चुकलं नाही, तरी माझ्यावर का?" मी म्हटलं, रडू नकोस. आणि त्या दिवसापासून वहीत खोटं लिहायला लागले. धुवायच्या एकोणीस, लिहायच्या बारा. सुरेख अक्षरात. मला तेव्हा ही फार मोठी हुशारी वाटली होती.

तीन आठवडे असे गेले. मग मला ताप भरला आणि दोन दिवस घरी काढावे लागले. परत आले तेव्हा गाड्यात सगळ्यात वर पोस्टमास्तरांची चादर होती. मी ती पसरून पाहिली. कोरडी ठणठणीत, मधोमध फक्त एक तळहाताएवढा गडद पिवळा डाग. अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके. आणि एक नॅपकिन, चारही कोपरे चघळून दोरे झालेला. पोस्टमास्तर आदल्या संध्याकाळी गेले होते. कागदावर कारण लिहिलं होतं, वार्धक्य.

तो नॅपकिन मी धुतला नाही. आधीचेही काही मी फेकले नव्हते, चिंध्या म्हणून एका पिशवीत ठेवले होते. त्यातच तो ठेवला.

पुढच्या आठवड्यात वार्षिक तपासणी आली. तपासणीच्या बाई सडपातळ, पिकलेल्या केसांच्या, पायात साध्या चपला. हसरी त्यांना सगळीकडे फिरवत होती. वॉर्डात नवी पांघरुणं, टेबलावर फुलं, जग काठोकाठ भरलेले. सगळ्या आयांना ताकीद होती, आज दोनला जगांना हात लावायचा नाही. साडेबाराला त्या दोघी तळघरात आल्या. बाईंनी माझी वही उघडली, पानं उलटली.

"अकरा खाटांना बारा चादरी? फारच छान," त्या म्हणाल्या. "आणि किती नीट लिहिलंय."

"आमच्या लाँड्रीबाई अगदी चोख आहेत," हसरी म्हणाली.

ते 'चोख' ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. आता मी गप्प बसले असते तर पोस्टमास्तरांच्या मरणावर माझ्याच अक्षरात शिक्का बसला असता. आत्याच्याही बसणार होता, आज ना उद्या. खाट गेली तर गेली. नोकरी गेली तर गेली.

"ही वही खोटी आहे," मी म्हणाले. "मीच लिहिली आहे."

हसरीचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. मी पिशवी टेबलावर उपडी केली. चघळलेले तेवीस नॅपकिन. मी बोलायला लागले आणि थांबले नाही. मीटिंग, माझे हात, जग, फवाऱ्याची बाटली, सगळं. माझं स्वतःचं काहीही वगळलं नाही. तपासणीच्या बाईंनी एक नॅपकिन उचलला, उजेडात धरला आणि खाली ठेवला.

"यांच्या मनावर परिणाम झालाय," हसरी म्हणाली. "आपण आत्ताच वर जाऊ. जग भरलेले आहेत, तुम्ही स्वतः पाहिलेत."

"जाऊ या," बाई म्हणाल्या. "मला बसायला एक स्टूल द्या."

त्या वॉर्डाच्या मधोमध स्टुलावर बसल्या. पाऊण तास बसल्या. कुणाला काही विचारलं नाही. जेवणं झाली, आया ताटं घेऊन गेल्या. आता पोस्टमास्तरांची खाट रिकामी होती आणि दहा जण उरले होते. भिंतीला टेकून मी उभी होते आणि माझी पाचावर धारण बसली होती. जग भरलेलेच राहणार, कुणी उचलणार नाही, आणि मी वेडी ठरणार. दोन वाजायला मिनिटभर असताना पलीकडच्या खाटेवरच्या एक आजी पाणी पीत होत्या. चष्मेवालीनं त्यांच्या तोंडाशी पेला धरला होता.

बक्षिसाच्या घड्याळानं दोन टोले दिले.

आजींनी तोंड मिटलं. पेल्यात अर्धं पाणी होतं. त्यांनी हातानं पेला दूर सारला आणि हनुवटीवर ओघळलेला थेंब पटकन पुसून टाकला, कुणी बघायच्या आत. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी जगाकडे गेलेला हात मागे घेतला. तपासणीच्या बाई उठल्या. त्यांनी स्वतः पेला भरला आणि प्रत्येक खाटेशी गेल्या. "घ्या ना, पाणी घ्या." दहाच्या दहा जणांनी नकारार्थी मान हलवली. एक जण घाबरून म्हणाले, "मी नाही मागितलं हो." कुणीच जग उचलला नव्हता. उचलायची गरजच उरली नव्हती.

हसरी त्या दिवशी पहिल्यांदा हसायची थांबली. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या चार पानं लिहिली. आठवड्याच्या आत हसरी गेली. नवे व्यवस्थापक आले, मशीन दुरुस्त झालं, मागच्या वॉर्डात दिवसरात्र पाणी सुरू झालं. मला नोकरीवरून काढलं नाही, खोट्या वहीबद्दल लेखी ताकीद दिली. ती मी मुकाट्यानं घेतली. कमीच होती.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आत्या दोननंतर पाणी पीत नव्हती. बाकीचे हळूहळू प्यायला लागले, ही नाही. तिचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, फार दिवस नाहीत, पण पाणी द्या, त्यांना बरं वाटेल. एक दिवस मी अर्धी रजा काढली आणि दुपारभर तिच्या उशाशी पेला घेऊन बसले.

"पी ना गं. आता कोणी रागावत नाही. ती बाई गेली."

"माहीत आहे मला."

"मग का नाही पीत?"

तिनं माझा हात शोधला आणि अंगठ्यानं एकेक बोट चाचपलं. "बघ, भरत आल्यात चिरा," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता.

"आत्या?"

"तिनंच सांगितलं होतं मला, पहिल्याच दिवशी. तुमची भाची मीटिंगमध्ये हात दाखवून रडवेली झाली म्हणे. तुम्ही जरा कळ काढलीत तर तिच्याच हातांना आराम. म्हटलं, खरंच की. इथं पडून मी दुसरं काय करणार तुझ्यासाठी? एवढं तर जमतं मला."

मी पेला खाली ठेवला आणि तिच्या पोटावर डोकं टेकवून लहान मुलासारखी रडले. मी रडले नव्हते गं मीटिंगमध्ये, असं मला तिला सांगायचं होतं, भांडले होते. पण त्यानं काय फरक पडणार होता? ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी कितीही विनवलं तरी तिनं पाणी घेतलं नाही.

संध्याकाळी मी स्टुलावर चढले आणि घड्याळाचा सेल काढून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी नव्या व्यवस्थापकांकडे जाऊन माझी पाळी बदलून घेतली. पहाटे कपडे, दुपारी आत्या. दुपारी ती डोळे उघडायची आणि कानोसा घ्यायची.

"किती वाजले गं?"

"एक."

"अजून एकच?"

"एकच. मी जेवणाच्या सुट्टीत आलेय, नाही का? पी."

मग ती प्यायची. चमच्या-चमच्यानं, पण प्यायची. ओठ भरून आले. बाहेर अंधार पडायचा, दिवे लागायचे, तिला मोतीबिंदूमुळे ते कळायचं नाही. कळत असेल तर तिनं तसं दाखवलं नाही. मी म्हणायचे एक, ती म्हणायची बरं. एकोणीस दिवस आमच्याकडे दोन वाजलेच नाहीत.

विसाव्या दिवशी सकाळी ती गेली. तिच्या खालची चादर मीच काढली. चष्मेवाली म्हणाली, "द्या इकडे, मी टाकते गाड्यात." मी दिली नाही. खाली नेली, टबात साधं पाणी घेतलं आणि हातानं धुतली, सावकाश. मग वही उघडली. तारीख लिहिली, वॉर्ड लिहिला, खाट क्रमांक तीन लिहिला. आणि पुढे लिहिलं, चादर एक, ओली.